भडंगाची पिशवी: कंपोस्टेबल फिल्मच्या नोंदी, २०२५

६ जानेवारी
जयसिंगपूरचे भडंगवाले अण्णा आज स्वतः कुपवाडला, आमच्या पिशव्यांच्या कारखान्यात आले. पाव किलो भडंगाची पारदर्शक एलडी (साध्या पॉलिथिनची) पिशवी, ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), गेली बारा वर्षं आमच्याच कारखान्यातून जाते. पुण्यातल्या एका दुकानाने त्यांना सांगितलंय की माल पसंत आहे, पिशवी बदला; मातीत जिरणारी द्या. शेठनी लगेच हो म्हटलं आणि काम माझ्या टेबलावर आलं. आठवड्यातून एक पाळी, मशीन नंबर दोन.
अण्णांनी जाताना एकच अट घातली. "ताई, पिशवी कसली बी करा. भडंग सादळाय नगं."

९ जानेवारी
सादळणं म्हणजे किती, हे आधी आकड्यात आणायला हवं. अण्णांकडून भट्टीवरचं ताजं भडंग आणलं, ओव्हनमध्ये वाळवून वजन केलं: ओल ३ टक्के. मग त्याचेच पाच वाटे करून मिठाच्या पाण्यावरच्या बंद डब्यात कमी-जास्त वेळ ठेवले आणि अण्णांच्या पाच कामगारांना न सांगता खायला दिले. ५ टक्क्यांपर्यंत सगळे गप्प खात होते. ६ टक्क्यांच्या वाटीला चौघांनी तोंड वाकडं केलं. पाचवा तंबाखू खातो, त्याला धरत नाही.
म्हणजे सगळा खेळ ३ टक्क्यांचा. २५० ग्रॅमला साडेसात ग्रॅम पाणी. अण्णांचा माल दुकानात वीस दिवसांत उठतो, तेव्हा एवढं पाणी आत शिरायला निदान वीस दिवस लागले पाहिजेत.

१४ जानेवारी
संक्रांत. सकाळच्या पाळीत पहिली चाचणी. तयार कंपाउंड मागवलंय: साधारण ७० टक्के पीबीएटी, ३० टक्के पीएलए; दोन्ही कंपोस्टमध्ये जिरणारी प्लास्टिकं. पीएलए कडक आणि ठिसूळ, एकटी ओढली तर पाच-सहा टक्के ताणून तुटते. पीबीएटी मऊ, पाचपट ताणली तरी तुटत नाही, पण एकटीची पिशवी ओल्या फडक्यासारखी लोंबते. म्हणून दोघींचा संसार.
दगडूमामा मशीनवर. तेवीस वर्षं एलडीचा फुगा उडवणारा माणूस. (वितळलेला माल गोल डायमधून, म्हणजे साच्यातून, काढून आत हवा भरतात; तो फुगा वर चढत थंड झाला की फिल्म.) आज त्यांचा फुगा टॉवरला पोचलाच नाही. डायमधून निघालेला माल ताकासारखा पातळ, फुग्यावर बारीक बारीक बुडबुडे, दीड मीटर चढला की बसकण. मामांनी हवा कमी केली, स्पीड कमी केला, बॅरलचं (माल वितळवणाऱ्या नळीचं) तापमान १६५ वरून १५० वर आणलं. काही नाही. अकराव्यांदा फुगा बसल्यावर हातमोजे काढून म्हणाले, "मॅडम, ह्यो माल पाण्याला भितोय."
बरोबर ओळखलं. पोतं काल संध्याकाळी उघडं राहिलं होतं आणि एलडीच्या सवयीने दाणा थेट हॉपरमध्ये (मशीनच्या नरसाळ्यात) गेला. एलडीला दमट हवेचं काही वाटत नाही. हे दोन्ही पॉलिएस्टर आहेत. बॅरलच्या उष्णतेत पाण्याचा एक एक रेणू साखळीची एक एक कडी तोडतो, साखळ्या आखूड होतात आणि माल पातळ होतो. पीएलएच्या दाण्यात ओल २५० पीपीएमच्या खाली हवी, म्हणजे किलोमागे पाव ग्रॅम.
चूक माझी. तिळगूळ वाटून सगळ्यांना लवकर घरी सोडलं.

२१ जानेवारी
हॉपर ड्रायर बसवला (शेठचा चेहरा पाहवला नाही). मिश्रण रात्रभर ६० अंशांवर. सोबत इपॉक्सी गट असलेला चेन एक्स्टेंडर ०.३ टक्के. तुटलेल्या साखळ्यांची टोकं तो पुन्हा जोडतो आणि पीएलए-पीबीएटीची एकमेकींत थोडी गाठही मारतो. तो १ टक्क्याच्या खालीच ठेवायचा. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात १ टक्क्याहून जास्त असलेला सेंद्रिय घटक विघटनासाठी वेगळा तपासावा लागतो, आणि तो खर्च आपल्याला नको.
फुगा उभा राहिला. पहिल्या फेरीत सहा मीटर. मामा टॉवरखाली कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं वर बघत उभे.
फिल्म ५० मायक्रॉन, दुधाळ. हाताला कागद आणि रबराच्या मधलीच काहीतरी. ओढीच्या दिशेने चिरा लवकर जातात, आडवी फाटत नाही. सील ११० अंशांवर उत्तम, एलडीपेक्षा बरं.

२३ जानेवारी
पीएलए ५० टक्के करून पाहिली. फिल्म ताठ झाली, पण हातात घेतली की खडखडाट. शेठना केबिनमधून ऐकू गेला. २०१० साली अमेरिकेत फ्रिटो-ले कंपनीने सनचिप्ससाठी पीएलएची कंपोस्टेबल पिशवी आणली होती. लोकांनी तिच्या आवाजाची चेष्टा करकरून त्याच वर्षी ऑक्टोबरात बहुतेक चवींवरून ती काढायला लावली. पिशवी जिरत होती, गिऱ्हाईक जिरवून घ्यायला तयार नव्हतं. ७०:३० वर परत.

३ फेब्रुवारी
आता खरी परीक्षा, वाफेची. पद्धत जुनी आणि स्वस्त. ॲल्युमिनियमच्या वाटीत कोरडं कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म, कडेने मेण ओतून हवाबंद. वाटी बंद पेटीत, पेटीच्या तळाला मिठाचं संपृक्त पाणी. साध्या मिठाचं संपृक्त पाणी पेटीतली दमटी ७५ टक्क्यांवर धरून ठेवतं, हा निसर्गाने फुकट दिलेला यंत्रभाग. तापमान २७. रोज दहाला वाटीचं वजन. जेवढं वाढलं तेवढं पाणी फिल्ममधून आलं.

७ फेब्रुवारी
चार दिवसांची सरासरी, चौरस मीटरमागे दिवसाला:
आमची रोजची एलडी २.८ ग्रॅम.
कंपोस्टेबल ९६ ग्रॅम.
वजनकाट्यावर संशय घेऊन पुन्हा मोजलं. ९४.
आता हिशोब. पिशवी २२ बाय ३२ सेंटीमीटर, दोन्ही बाजू मिळून ०.१४ चौरस मीटर. पिशवीतली हवा वाटीतल्यासारखी कोरडीठाक नसते, तो फरक धरला तर एलडीतून रोज साधारण ०.३ ग्रॅम पाणी आत. साडेसात ग्रॅमला सव्वीस दिवस. अण्णांचा बारा वर्षांचा अनुभव आणि कागदावरचं गणित जुळलं.
कंपोस्टेबलमधून रोज जवळपास १० ग्रॅम. साडेसात ग्रॅमला अठरा तास.
सकाळी भरलेलं भडंग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत सादळलं. वीस दिवसांसाठी हवा आकडा: चारच्या खाली. आज आहे ९६.

१० फेब्रुवारी
शेठ म्हणाले, "जाडी दुप्पट करा." दुप्पट केली तर ४८. पंचवीसपट जाड केली तर चार, सव्वा मिलीमीटर. त्याला पिशवी नाही, पाटी म्हणतात.
शिवाय घनता. एलडी ०.९२, आमचं मिश्रण १.२६. त्याच जाडीच्या पिशवीला एक तृतीयांशाहून अधिक जादा माल लागतो, आणि किलोचा भाव आधीच एलडीच्या दुपटीवर. दाण्याचा भाव सांगताना विक्रेते घनतेचं कधी बोलत नाहीत.

२४ फेब्रुवारी
मानकाप्रमाणे फिल्म जिरते का, ते अधिकृत प्रयोगशाळा बघेल. त्याआधी मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. शेजारच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या खत यार्डात ओळख निघाली. प्रेसमडच्या (उसाच्या रसाच्या गाळाच्या) लांबच लांब सऱ्या, वर डिस्टिलरीचं सांडपाणी, एरोटिलर फिरवून उलथापालथ. सरीच्या पोटात हात घातला आणि काढला. थर्मामीटर: ६१ अंश. मानकाची चाचणी ५८ अंशांवर चालते, म्हणजे सांगली जिल्ह्यात ती भट्टी उघड्यावर फुकट पेटलेली आहे.
कांद्याच्या जाळीच्या तीन पिशव्या, प्रत्येकीत २० ग्रॅम फिल्मचे तुकडे. आणखी एका जाळीत बाजारातून आणलेली, "बायोडिग्रेडेबल" छापलेली एक कॅरीबॅग. तिचा मला संशय आहे: साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घातलेला ऑक्सो माल असावा. तो उन्हात चुरा होतो, पण चुरा पॉलिथिनचाच राहतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात असल्या मालावर सरळ बंदी घातली.
घरी मिरजेला जास्वंदीच्या कुंडीतही दहा ग्रॅम पुरले.

५ मार्च
वाफ अडवायचे उपाय, एकेक करून.
टाल्क १० टक्के. टाल्कचे कण चपट्या पत्र्यांसारखे. फिल्ममध्ये आडवे बसले की पाण्याला वळसे घालत यावं लागतं. ९६ चे ७८. फिल्म एकमेकींना चिकटायचीही थांबली, हा वरचा फायदा. टाल्क ठेवला.
मक्याचा स्टार्च, ग्लिसरीन घालून. स्वस्त, जिरतो छान. पण मुळात पाण्याचाच सोयरा. दोन दिवसांत रोलवर ग्लिसरीनचा घाम सुटला. इथे मार्चमध्ये ही अवस्था, आषाढात काय होईल? बंद.
पीएचबीव्ही. नमुन्याची शीट एका विक्रेत्याने दिली. बॅक्टेरिया पोटात चरबीसारखं साठवतात ते हे प्लास्टिक. यातलं मूळचं पीएचबी फ्रान्समध्ये मॉरिस लमोआन यांनी १९२६ साली ओळखलं. वाटीतला आकडा १३! सगळ्यात सुंदर. शीट घडी घालताना खारीसारखी तुटली आणि भाव ऐकून शेठ चहा न घेता उठले.

१९ मार्च
कारखान्यात गोंधळ. रात्रपाळीच्या पोराने आमच्या चाचण्यांच्या काठाच्या पट्ट्या एलडीच्या भंगारात टाकल्या, त्या रिग्राइंड होऊन (पुन्हा दळून) मशीन तीनवर गेल्या. सकाळी एलडीच्या रोलभर माशीएवढे डाग, प्रत्येक डागाभोवती भोक. दोन्ही प्लास्टिक एकमेकांत विरघळत नाहीत. दह्यात तेल घातल्यासारखं. चारशे किलो माल बाद.
पोराला बोलून उपयोग नाही. दोन्ही भंगार दिसायला सारखंच. आजपासून कंपोस्टेबलच्या प्रत्येक पाळीत चिमूटभर हिरवा रंग (कंपोस्टेबल मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा) आणि वेगळं पिंप. पण आमच्या चार भिंतींत जे झालं ते भंगारवाल्याच्या गोदामात रोज होणार, आणि तिथे हिरवं पिंप नसतं.

२४ मार्च
यार्ड, चौथा आठवडा. पहिली जाळी उघडली. फिल्म पिवळट, बोटाने दाबली की पापडासारखी मोडते. पीएलएला आधी पाणी तोडतं. साखळ्या पुरेशा आखूड झाल्या की मग जंतू खातात. हे पाण्याचं तोडणं ५५-६० अंशांच्या वर वेगाने चालतं, कारण तिथे पीएलएचे काचेसारखे गोठलेले रेणू हलायला लागतात. जानेवारीत बॅरलमध्ये ज्या गुणाने माझा दिवस घालवला, तोच गुण इथे उपयोगाचा.
दुसरी जाळी सापडली नाही. एरोटिलर फिरण्याआधी काढायची होती, निरोप पोचला नाही. यार्डातल्या मुकादमांनी जाळीचे दोन दोरे आणून दाखवली. राहिली एक. ती आता सरीच्या टोकाला, लाल फडकं बांधून.
कुंडीतली फिल्म: जशीच्या तशी.

२ एप्रिल
मेण. मधमाशीचं मेण गरम करून तार गुंडाळलेल्या काठीने फिल्मवर ओढलं, चौरस मीटरला ५ ग्रॅम. वाटीतला आकडा ७! दोन्ही बाजूंनी लावलं तर ३.४. चारच्या खाली. ओरडले असते, पण प्रयोगशाळा म्हणजे भांडारघराचा कोपरा, पलीकडे कामगार जेवत होते.

४ एप्रिल
उतरले जमिनीवर. मेण लावलेली फिल्म एकदा मुठीत चुरगाळून पुन्हा सपाट केली, वाटीवर बसवली: ४१. मेण मऊ असलं तरी घडीवर तडकतं, आणि प्रत्येक तडा हा दरवाजा. भडंगाची पिशवी दुकानात पोचेपर्यंत किती वेळा चुरगाळली जाते ते अण्णांच्या टेम्पोत बसून बघावं.
दुसरं: मेणावर सील धरत नाही. कडा कोऱ्या सोडायला हव्यात.
तिसरं सगळ्यात वाईट, आणि हे कागदावरच कळायला हवं होतं. भडंगात तेल आहे. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमधून अन्नात काय उतरतं त्याची मर्यादा आयएस ९८४५ च्या चाचणीत चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. माझं ५ ग्रॅमचं मेण म्हणजे चौरस डेसिमीटरला ५० मिलिग्रॅम. तेलकट मालासाठी चाचणीत हेप्टेन हे द्रावक वापरतात. हेप्टेनमध्ये मेण साखरेसारखं विरघळेल. आतल्या बाजूला मेण लावता येणार नाही. फक्त बाहेरून लावलं तर आकडा ७ वरच अडकतो, आणि धूळ चिकटेल ती वेगळी.

१२ एप्रिल
पारा ४१. भाचीच्या वाढदिवसाचा केक पीएलएच्या झाकणाच्या डब्यातून आणला. गाडी उन्हात तासभर उभी. झाकण केकवर असं झोपलं की मेणबत्त्यांची जागा आपोआप तयार झाली. सगळे हसले, मी घरी येऊन मेण लावलेला रोल उघडला. थर एकमेकांना चिकटलेले, उलगडताना मेणाचे पट्टे निघून आले. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, पण चिकट व्हायला तेवढंही लागत नाही. कार्नोबा मेण ८० च्या वर टिकतं. ते कडक, म्हणजे घडीवर अजून तडकणार.
मेणाच्या दोन्ही बाजूंना फिल्म लावून मधे कोंडता येईल. पण मेणाला चिकटणारा, पुन्हा स्वतः जिरणारा डिंक हवा. असे लॅमिनेट जगात होतात, कुपवाडच्या एकपदरी मशीनवर होत नाहीत.

२५ एप्रिल
धातूचा मुलामा दिलेली, लाकडाच्या लगद्याची कंपोस्टेबल फिल्म एका आयातदाराकडून नमुन्याला आणली. मुलामा इतका पातळ की कंपोस्टला बाधत नाही. वाटीतला आकडा २ च्या आसपास. हे उत्तर आहे. अण्णांना दाखवली. त्यांनी पिशवी उलटीसुलटी केली, खिडकीकडे धरली.
"आतलं दिसत न्हाई."
"नाही दिसणार अण्णा, चंदेरी आहे."
"गिऱ्हाईकाला शेंगदाणा दिसाय पायजे. लसूण दिसाय पायजे. न्हाईतर त्यो म्हणतो, निस्तं चुरमुरं भरलंय."
वर कमीत कमी ऑर्डर एक टन. अण्णांना दोन वर्षं पुरेल.

१९ मे
बारा आठवडे पूर्ण. यार्डातली उरलेली जाळी आणली, माती धुऊन २ मिलीमीटरच्या चाळणीवर चाळली, वाळवून वजन केलं. २० ग्रॅमपैकी १.१ ग्रॅम. साडेपाच टक्के. मानक १० टक्क्यांपर्यंत सोडतं. उरलेले तुकडे सगळे सीलच्या जाड कडांचे.
एवढ्यावर "जिरली" म्हणायचं नाही. तुकडे दिसेनासे होणं वेगळं आणि जंतूंनी खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडणं वेगळं. १८० दिवसांत ९० टक्के कार्बन वायू होऊन गेला पाहिजे, शिवाय त्या खतात बी नीट रुजलं पाहिजे. ते प्रयोगशाळा मोजेल.
"बायोडिग्रेडेबल" कॅरीबॅग: अख्खी. छापही वाचता येतो.
कुंडीतली: थोडी धुरकट, बाकी ओढली तर ताणते. जास्वंदीला कळी आलीय, तिचा याच्याशी संबंध नाही. पिशवीवर "कंपोस्टेबल" छापताना पुढे "औद्योगिक कंपोस्टमध्ये" हे शब्द मोठ्या अक्षरात टाकायचे, नाहीतर पुण्यातली मंडळी बाल्कनीतल्या कुंडीत पुरतील आणि वर्षभराने आम्हाला शिव्या देतील. खरं तर अशी ६० अंशांची सरी आपल्या किती गावांच्या कचऱ्याला मिळते? हा प्रश्न फिल्मचा नाही, पण पिशवी विकताना तो खिशात राहतोच.

२७ मे
यंदा पाऊस मे मध्येच उतरला. यार्डातून फोन: सऱ्या भिजल्या, तापमान उतरलं, काम बंद. आठ दिवसांनी गेले असते तर हात हलवत आले असते.

१० जून
शेवटचा प्रयत्न: टाल्क १० टक्के, ६० मायक्रॉन, बाहेरून कार्नोबा, कडा कोऱ्या. चुरगाळण्याआधी ६, नंतर २९. अण्णांच्या दुकानात फळीवर दहा पिशव्या ठेवल्या, बाहेर मुसळधार. चौथ्या दिवशी अण्णांनी पिशवी फोडून चार दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. कुरकुरीत भडंग एवढा वेळ चावावं लागत नाही.
मी वही काढली आणि सगळे आकडे त्यांच्यासमोर वाचले. ते म्हणाले, "म्हंजी ही पिशवी पाणी सोडती. मग पाणी सोडणारा माल भरा की तिच्यात. आमच्या हिला द्या, कोथिंबीर ठेवंल."
थट्टेत म्हणाले. मी स्कूटरवर मिरजेपर्यंत त्याचाच विचार करत आले.

१४ जून
चार महिने मी ९६ हा आकडा खाली आणायला झगडतेय. एलडीच्या पिशवीत मेथी ठेवली की काय होतं? पानं पाणी सोडतात, ते बाहेर जात नाही, थेंब साचतात, थेंबाखालचं पान काळं होऊन गळतं. म्हणून तर भाजीच्या पिशव्यांना भोकं पाडतात. भोकातून हवाही जाते, धूळही, आणि थेंब तरीही राहतात.
या फिल्ममधून वाफ सगळ्या अंगाने, सारखी बाहेर जाते. भोकं न पाडता.
शेठना सांगितलं. म्हणाले, "मॅडम, भडंगाचं काय?" सांगितलं: भडंगाला आपली एकपदरी फिल्म कधीच पुरणार नाही. हे वाक्य फेब्रुवारीत बोलायला हवं होतं, तेव्हा गणित माझ्यासमोर होतं.

८ जुलै
३० मायक्रॉनचा रोल. टाल्क ५ टक्के, चेन एक्स्टेंडर ०.३, मेण नाही. तीस मायक्रॉनला फुगा डुलतो; मामांनी डायच्या वर पत्र्याचा गोल आडोसा लावून पंख्याची हवा शांत केली. असली युक्ती तांत्रिक पुस्तकात चार पानं घेते.

१२ जुलै
मेथीची चाचणी. बाजारातून एकाच वाफ्यातली मेथी, २५० ग्रॅमच्या जुड्या, धुतलेली नाही. खोली २६ अंश, दमटी ८० टक्के. तीन दिवस.
एलडी, बंद: वजनात घट १ ग्रॅम. पिशवी उघडताच आंबूस वास, तळाची पानं चिकट.
एलडी, चार भोकं: घट ७ ग्रॅम. भोकांजवळची पानं सुकलेली, कोपऱ्यात थेंब, थेंबाखाली काळे डाग.
आमची: घट ११ ग्रॅम. आतल्या बाजूने बोट फिरवलं, कोरडं. पानं हिरवी, देठ किंचित मऊ. वास मेथीचाच.
उघडी जुडी: घट ६० ग्रॅमच्या वर. गवत.
मामांनी आमच्या पिशवीतली मेथी घरी नेली. दुसऱ्या दिवशी "भाजी झाली" एवढाच अहवाल.

२१ जुलै
उलट बाजूही लिहून ठेवते. ११ ग्रॅम म्हणजे साडेचार टक्के वजन गेलं. वजनावर विकणारा दुकानदार कुरकुर करणार. आणि ही चाचणी पावसाळ्यातली आहे. एप्रिलमध्ये बाहेर कोरडं असताना हीच फिल्म मेथीचा जीव काढेल. उन्हाळ्याला ५० मायक्रॉन, पावसाळ्याला ३०, असे दोन रोल ठेवावे लागतील. एलडीत असला विचार कधी करावा लागला नव्हता.
आठवड्याला भाजीची टोपली घरपोच देणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाशी बोलले. ते रिकाम्या पिशव्या पुढच्या खेपेला परत घेतात आणि त्यांचं स्वतःचं खताचं यार्ड आहे. म्हणजे पिशवी कुठे जाणार हे मला माहीत असेल.

६ ऑगस्ट
नमुने प्रयोगशाळेत गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय "कंपोस्टेबल" म्हणून एक पिशवीही विकता येत नाही. अहवालाला सहा महिने धरायचे, कारण जंतूंना घाई करता येत नाही. तोवर गटाला चाचणीचा माल, छाप न मारता, बिल न करता.

२० ऑगस्ट
दाण्याचं नवीन पोतं आलं. थायलंडच्या उसाच्या साखरेची पीएलए. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड, त्यापासून लॅक्टाइड, त्यापासून दाणा. ऊसपट्ट्याच्या मधोमध बसून परदेशी उसाचा दाणा कुपवाडला आणतेय. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला बायोपॉलिमरचं प्रात्यक्षिक केंद्र उघडलं, उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सचा पीएलएचा मोठा कारखाना उभा राहतोय. दाणा देशातून यायला लागला की भाव पुन्हा मांडायचा. पोत्याचं तोंड दोनदा बांधलं.

४ सप्टेंबर
गटाकडून पहिल्या दोनशे पिशव्यांचा हिशोब. १८१ परत आल्या. नऊ सीलवरून फाटल्या, सगळ्या मुळ्याच्या. मुळ्याचं टोक. पुढच्या रोलला सीलची पट्टी ४ मिलीमीटरवरून ६ वर. उरलेल्या दहा लोकांनी फ्रिजमध्ये कोथिंबिरीला ठेवून घेतल्या.

९ सप्टेंबर
अण्णा आले होते. पुण्याच्या दुकानाशी त्यांनी स्वतःच मिटवलं. भडंग आता पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यातून जातं, घट्ट झाकणाच्या, दुकानदार गिऱ्हाईकासमोर कागदी पुड्यात तोलून देतो आणि टेम्पो परत येताना रिकामे डबे आणतो. "माझा बा असंच विकायचा," म्हणाले.
टेबलावर एक लहान डबा ठेवून गेले. मामांनी झाकण काढलं, मूठ भरली. तीन आठवड्यांचा माल. भांडारघराच्या पलीकडून चावल्याचा आवाज येत होता.